ज्येष्ठांना बागेकडे वळवताना

आजोबांना कुठलीच बस पकडायची नव्हती. बुद्धिबळाचा डबा मांडीवर घेऊन ते थांब्यावरच्या बाकावर जोडीदाराची वाट बघत होते. तेवढ्यात उद्यान खात्याचे साहेब आणि त्यांच्या हाताखालच्या मॅडम येऊन बाकाशी उभ्या राहिल्या. मॅडमच्या गळ्यात प्रशिक्षणाचं ओळखपत्र अजून लटकत होतं.

"काय शिकवलं मॅडम, तीन दिवस?"

"ज्येष्ठांना बागेकडे कसं वळवायचं ते, सर. डोळेच उघडले माझे. बिचारे घरात कुढत बसतात हो!"

"बसू देत. आपल्या ज्येष्ठ मेळाव्याला एक तरी फिरकला का? मांडव घातला, फुगे लावले, टोप्या फुकट!"

"पण सर, झाडाखाली रोज बुद्धिबळ खेळायचे ते?"

"त्यांना आदल्या दिवशीच उठवलं. नाहीतर मांडव काय माझ्या डोक्यावर घालणार होतात?"

"आणि त्यांची बाकं?"

"काढून टाकली. फोटोत फार कळकट दिसत होती."

"मग फोटोत टोप्या घालून बसलेत ते कोण?"

"आपले माळी. जरा वाकून बसा म्हटलं, तर काय झकास वाकले!"

"कमाल आहे बाई. आपण एवढं मरमर मरायचं, आणि यांना घरातून पाय उचलवत नाही."

"मुळात उत्साहच नाही हो."

"पुढचं प्रशिक्षण त्यावरच आहे, सर."

"माझंही नाव घाला. अहो, ती जड पिशवी कशाला धरून उभ्या आहात? ठेवा की बाकावर. आजोबा, जरा..."

साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत, डबा काखोटीला मारून आजोबा सवयीनं उठले होते.