ठिपका घरातच दिसत होता

नाव व पत्ता वरच्या रकान्यात लिहून घेतले आहेत. वय एकोणपन्नास. शिक्षण दहावीपर्यंत गावच्या शाळेत, पुढचे नोकरी करता करता. धंदा नोकरी, कॉम्प्युटर देखरेख विभागाचा प्रमुख.

मी ठाण्यात स्वतः हजर राहून, जमादारांनी समक्ष विचारल्यावरून सांगतो की, आमची कंपनी इतर कंपन्यांची क्लाउडवरची कामे सांभाळते. क्लाउड म्हणजे काय असे विचारल्यावरून सांगतो की, दुसऱ्याच्या इमारतीतली मशिने आपण भाड्याने वापरायची. जमादार म्हणाले, "म्हणजे भाड्याची खोली म्हणा की." मी म्हणालो, "तसंच. फक्त कुलूप लावून गावाला गेलात तरी मीटर फिरतच राहतं." ती मशिने नीट चालतात ना यावर लक्ष ठेवणे, आणि फुकट चालणारी शोधून खर्च कमी करणे, ही दोन्ही कामे माझ्या विभागाकडे आहेत.

प्रत्येक मशीनला मालकाचे नाव लावून ठेवायचे असते. पुष्कळांना ते नसते. ज्याने मशीन घेतले तो नोकरी सोडून गेलेला असतो. अशा मशीनबाबत आमच्या धंद्यात एक रीत आहे. ते एकदम पुसून टाकायचे नाही. नुसते बंद करायचे आणि आठवडाभर थांबायचे. कोणी बोंब मारली तर ताबडतोब चालू करायचे. कोणीच बोंबलले नाही तर ते कोणाचेच नव्हते असे धरून काढून टाकायचे. ही रीत मी शोधलेली नाही, पण माझ्या विभागात मीच चालवली.

गेल्या सोमवारी असे एक बिननावाचे मशीन आम्ही बंद केले. बंद मशीनबद्दल आमच्याच पडद्यावर सारख्या धोक्याच्या सूचना येत राहतात, म्हणून त्या आधी गप्प कराव्या लागतात. हे काम माझ्या हाताखालच्या मुलीने केले. तिला ऑफिसात सगळे चिमणी म्हणतात. तिने विचारले होते, "सर, सगळ्याच गप्प करू?" मी म्हणालो, "कर बाई, नाहीतर आठवडाभर आपलंच डोकं खातील." बटण तिचे होते, सांगणे माझे होते. हे असेच लिहून घ्यावे.

ते मशीन मनगटी घड्याळांचे निघाले. ज्या वृद्ध माणसांना विसर पडतो त्यांच्या हाताला ही घड्याळे बांधतात. घड्याळ थोड्या थोड्या वेळाने आपली जागा मशीनला कळवते, आणि घरच्यांना मोबाइलच्या नकाशात एक निळा ठिपका दिसतो. मशीन बंद झाल्यावर ठिपका नाहीसा झाला नाही. शेवटी जिथे होता तिथेच बसून राहिला. म्हातारी माणसे बहुतेक वेळ घरात असतात आणि ठिपकाही घरातच दिसत होता. घड्याळे विकणाऱ्या कंपनीलाही सारे जागच्या जागी दिसले. म्हणून कोणीही बोंब मारली नाही.

आज सकाळी येथील एका शिंप्याच्या आई घरातून निघून गेल्या. शिंप्याच्या पत्नीने सकाळी दोनदा मोबाइल पाहिला, ठिपका आतल्या खोलीत होता, म्हणून त्या आपल्या कामाला लागल्या. जेवायला हाक मारली तेव्हा खोली रिकामी होती. ठाण्यातून घड्याळाच्या कंपनीला फोन गेला, तिथून आम्हाला. मी मशीन लगेच चालू केले आणि लॅपटॉप घेऊन येथे आलो.

मी आलो तेव्हा शिंपी उभे होते, मापाची टेप गळ्यात तशीच होती. ते म्हणाले, "साहेब, तुमचा ठिपका अजून आमच्या घरात बसलाय. आई कुठाय ते सांगा." मी सांगितले की, न पोचलेला निरोप घड्याळ टाकून देत नाही, साठवून ठेवते. आता ते सगळे पाठवते आहे, पण हळूहळू आणि रांगेने, जुने आधी.

"मग आजचं आधी मागवा."

"तसं मागवता येत नाही."

"बंद बरं करता येतं तुम्हाला."



एवढ्यात आमच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. वकील येईपर्यंत तोंड उघडू नका, असे त्यांनी सांगितले. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. जबाब पुढे चालू आहे.

सोमवारचे ठिपके सगळे घरातले. मंगळवारी दुपार कलल्यावर ठिपका बाहेर पडला, गल्लीच्या टोकाला बसथांब्यापाशी बराच वेळ थांबला आणि परत आला. बुधवारीही तसेच. गुरुवारीही. शिंप्यांनी पत्नीला विचारले, "आई रोज बाहेर जात होती?"

"मला काय माहीत? फोनमध्ये तर घरात होत्या."

"फोनमध्ये!"

"आधी मी डोळ्यांनी बघत होते की. घड्याळ तुम्हीच आणलंत, म्हणालात, आता तू सुटलीस."

शिंपी बाकावर बसले. त्यांच्या पत्नीने त्यांना पाण्याचा पेला दिला. तो त्यांनी हातातच धरून ठेवला.

अशी घड्याळे आणखी कोणाकडे आहेत असे विचारल्यावरून सांगतो की, त्या सगळ्या घरांना फोन करून "नकाशा बघू नका, खोलीत जाऊन बघा" असे सांगण्याचे काम चिमणी करते आहे. मध्ये तिचा एकदा फोन आला. एका घरचे आजोबा स्वतःच फोनवर आले, म्हणाले, "मी इथंच आहे, मला कोण हरवतंय?" हे सांगताना ती हसली. मी म्हणालो, "पुढचा नंबर लाव."

जमादारांनी मला विचारले, "मघापासून काय पुटपुटताय?" मी म्हणालो, देवाचे नाव घेतो आहे, ते लिहू नका.

शुक्रवार. शनिवार. रविवारी त्या घराबाहेर पडल्या नाहीत. बाहेर उजेड कमी होतो आहे. घड्याळाची बॅटरी थोडीच उरली असल्याचे दिसते, म्हणून उरलेले प्रश्न जमादारांनी लवकर विचारावेत अशी माझी विनंती आहे. माझ्यावर काय कलम लागते ते मी नंतर ऐकून घेईन.

आजचे ठिपके आता येत आहेत. गल्ली. बसथांबा. आज तिथे थांबल्या नाहीत. मोठा रस्ता, मग कालव्याच्या काठची वाट. कालव्याच्या पुलापाशी ठिपके एकावर एक पडले, पुष्कळ वेळ एकाच जागी. शिंप्याच्या पत्नीने पडद्याकडे पाठ केली. जमादारांनीही लिहिणे थांबवले होते, मी सांगितल्यावरून पुन्हा सुरू केले.

रांग संपली आहे. यापुढे जे येतील ते आत्ताचे.

एक आला, पुलाच्या पलीकडे. त्यानंतर दुसरा आला, वीटभट्टीच्या रस्त्याला. दोन्ही वेगवेगळ्या जागी आहेत. म्हणजे त्या चालत आहेत. शिंपी म्हणाले, "चालतीय! आई चालतीय!" जमादारांनी गाडी काढायला सांगितली आहे. पडदा वाचता येणारा माणूस बरोबर लागेल म्हणून मी त्यांच्यासोबत निघतो आहे.

इथपर्यंतचे मला उभ्याउभ्याच वाचून दाखवले. मी बोललो तसेच उतरले आहे. सही गाडीत करतो.