मागची सीट

नाही हो, तिथे नाही, ती पुढची सीट — खाली घेतलीय ती, तुमच्या उंचीला गुडघे कानाला टेकतील — मागे बसा. बसा तर खरं! पुढे तुम्हीच बसणार हे मला कळलं, त्यात काय सांगायचं, पुढे पुरुषच बसतो, पण जोडसायकल घ्यायला आलात ना, मग मागच्या माणसाचं काय होतं ते नको का बघायला? हां. ठेवा पाय पेडलवर. स्टँड पक्का आहे, पडत नाही. आता सांगा, काय दिसतंय समोर? भिंत सोडा हो, भिंत कुठे येतेय घाटात — पुढच्या सीटवर एक आडवातिडवा माणूस बसलाय असं समजा. काय दिसलं? पाठ! नुसती पाठ. लोक मला विचारतात, काकू, कसल्या कसल्या खिंडी पार केल्यात, कसली कसली खोरी पाहिलीत — अहो कसली खोरी, मी आयुष्यभर निळा शर्ट पाहिला. घामाचा डाग चढावर कुठपर्यंत येतो आणि उतारावर कसा वाळतो ते विचारा मला.

मागे कोण बसणार तुमच्या? बायको. विचारलंत तिला? — सरप्राइज! वा. मलाही सरप्राइजच मिळालं होतं. लग्न नवीन, मला वाटलं दागिना असेल, तर दारात हे धूड उभं. ‘आता आपण जोडीने जायचं’, म्हणाले. जोडीने! जोडीने म्हणजे काय माहितीये? हँडल त्यांच्याकडे, गिअर त्यांच्याकडे, कुठे थांबायचं ते त्यांच्या मनावर, आणि माझ्याकडे दोन पाय. पुढचा ओरडणार आणि मागच्याने ऐकायचं, अशी रीत आहे हिची. ‘खड्डा’ म्हटलं की बूड उचलायचं, ‘डावं’ म्हटलं की डावीकडे झुकायचं, ‘थांब’ म्हटलं की पाय थांबवायचे. का, कशासाठी, विचारायचं नाही, कारण विचारेपर्यंत खड्डा येऊन गेलेला असतो. आणि वर पोचल्यावर कोणी भेटलं की हे हसत हसत सांगणार, ‘ही मागे बसून पाय हलवते की नाही देव जाणे, वजन मात्र बरोब्बर देते!’ सगळे हसायचे. मी पण हसायचे. मूर्ख!

काय? हा दांडा होय. हा तिसरा ब्रेक. पुढे दोन असतात, तो मागच्याच्या हातात. लांब उतारावर दोन माणसांचं वजन, सामानाच्या पिशव्या, ते दोन ब्रेक तापून लाल होतात, म्हणून मागच्याने हा थोडा थोडा ओढून धरायचा. आमच्याकडे त्याला ‘तुझं खेळणं’ म्हणायचे. ‘तुझं खेळणं सांभाळून हं.’ लक्षात ठेवा तो दांडा. तुमच्या बायकोला सांगा तो कधी सोडू नकोस म्हणून.

अपघात? — कोणी सांगितलं? सायकल क्लबातल्या लोकांनी ना! काय सांगितलं, ऐकू दे तरी. काकू घाबरल्या, भलत्याच वेळी ब्रेक ओढला, म्हणून पडले. असंच ना? बघा, जगभर झालंय. माझ्या नणंदेने तर फोनवर मला समजावलं — ‘वहिनी, उतार झेपत नाही तर जायचं कशाला दादाच्या मागे लागून?’ मी दादाच्या मागे लागून! हात प्लास्टरमध्ये होता म्हणून, नाहीतर फोन आपटला असता. आणि हे सांगितलं कोणी सगळ्यांना? यांनीच. समोर बसून, माझ्यादेखत. आणि मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

नाही, बसा. सायकल बघायला आलात ना, मग तिचं काय झालं ते कळायला नको? चाक सरळ करून घेतलंय, ती काळजी नको. झालं काय ते सांगते. मोठी खिंड. तिथून आम्ही इतक्या वेळा उतरलोय की यांना प्रत्येक वळण पाठ. वर धुकं नाही, ऊन लख्ख, रस्ता कोरडा. आणि हे निघाले खाली, आपलं नेहमीचं चालू — डावं, उजवं, डावं — आणि मला कुठेतरी खटकत होतं. काय खटकत होतं? ‘खड्डा’ येत नव्हता! खड्डे येत होते हो, दणादण येत होते, माझं कंबरडं मोडायची वेळ आली, पण यांच्या तोंडून ‘खड्डा’ नाही. नुसती वळणं. मी म्हटलं, ‘अहो, झोपलात का?’ तर म्हणे ‘डावं’. आणि मी त्या क्षणी — का कोण जाणे, इतक्या वर्षांत कधी केलं नाही ते केलं — पाठीच्या बाजूने मान काढून पुढे पाहिलं. डावीकडे रस्ताच नव्हता. दरड कोसळून जुनं वळण गेलं होतं खाली, नवा रस्ता उजवीकडून काढला होता, आणि आमच्या समोर खडीचा ढीग, दोन लाल पिंपं, आणि त्यांच्या पलीकडे काही नाही. आणि हे म्हणतायत, डावं! पाठ केलेलं म्हणून दाखवत होते, समजलं? रस्ता बघून नाही, पाठांतर!

ओढला. जीव खाऊन ओढला तो दांडा. खडीत जाऊन पडलो. मनगट मोडलं, नाक फुटलं, पण खडीतच पडलो, पलीकडे नाही. आणि हे उठून काय म्हणाले असतील? ‘ब्रेक कशाला ओढलास?’

तरी मला कळलं नव्हतं बरं का. दवाखान्यात कळलं. नाकावर हा एवढा पांढरा बोळा, चिकटपट्ट्या लावलेल्या, डोळे सुजलेले, आणि मी विचारलं, ‘अहो, चेहरा फार वाईट दिसतोय का?’ तर माझ्याकडे बघून — बघून! — म्हणाले, ‘छे गं, चेहऱ्याला कुठे काय लागलंय.’ मग म्हटलं, पाणी द्या. ओतलं. टेबलावर. ग्लास तिथेच शेजारी.

यांच्या डोळ्यांत मधोमध डाग आलाय. कडेचं दिसतं, समोरचं तेवढं दिसत नाही — ते तर मला लग्नापासूनच वाटत होतं म्हणा! हसा, हसा. मी पण डॉक्टरांसमोर असंच म्हणाले आणि मग तिथेच रडू फुटलं. कारण डॉक्टर काय म्हणाले — यांना मी मागेच सांगितलंय, वाहन चालवायचं नाही. मागेच! आम्ही निघायच्या आधी! म्हणजे याला ठाऊक होतं, आणि तरी या माणसाने मला मागे बसवलं आणि त्या उतारावर घातलं. का? तर सांगायची लाज वाटली. माझा जीव गेला असता तो चालला असता, पण लाज नको!

मोठ्याने बोलतेय? बोलणारच. वर खिडकी उघडी आहे, यांची खुर्ची खिडकीशीच आहे, आणि कान चांगले शाबूत आहेत. ऐकू दे. दिवसभर तिथे बसायचं, कोणाशी बोलायचं नाही. तो क्लबातला बूट असतो ना, तळाला लोखंडी पट्टीवाला, पेडलमध्ये खट्कन अडकणारा — ते घालून घरभर टकटक करत फिरायचे, फरशीला चरे पाडले, मी जन्मभर ओरडले — तर आता ते बूट कपाटावर टाकलेत, वर्तमानपत्रात गुंडाळून. मी म्हटलं, अहो, असं काय करता, मागे बसा की. मी चालवते पुढे. तर काय म्हणाले माहितीये? ‘मी सामानासारखा मागे बसणार नाही.’

सामानासारखा! — नाही, तुम्हीच सांगा! मग मी इतकी वर्षं कोण होते? गाठोडं?

हो, सीट म्हणूनच खाली घेतलीय. माझ्या मापाची आहे ती. शिकले. मनगटाचं प्लास्टर सुटलं तशी शिकले, रोज सकाळी मागच्या रस्त्याने, आणि मागे काय बांधलं विचारा — बटाट्याचं पोतं! ते बघा कोपऱ्यात. वजन हवं ना, नाहीतर सायकल नाचते. मुलगी म्हणते, आई, लोक हसतात. हसू देत. पोतं निदान ब्रेक कशाला ओढलास म्हणत नाही. आणि खरं सांगू का, पहिल्यांदा पुढे बसले ना, तर समोर कोणीच नव्हतं. नुसता रस्ता. झाडं, पूल, नदीचं वळण, सगळं माझ्याकडे येत होतं, आणि मला इतका राग आला, इतका राग आला की थांबून रडले. इतकी वर्षं हे सगळं समोर होतं आणि या माणसाने खड्ड्याशिवाय काही सांगितलं नाही! मी सांगितलं असतं हो. मी नुसतं डावं-उजवं नसते म्हणाले. पूल आला, पाणी कमी आहे, शेतात दोन घोडे उभेत, एक पांढरा — सगळं सांगितलं असतं, उतरेपर्यंत तोंड बंद ठेवलं नसतं. पण ऐकायला कोण, बटाटे?

मग विकताय कशाला? — शाबास! हेच विचारा. मोठ्याने विचारा, वर बघून विचारा. विकतेय कारण पोतं घेऊन मी खिंड चढणार नाही. मला एकटीची सायकल नको, बटाटे नकोत, आणि या घरात उभी असलेली ही बघून रोज जीव जाळून घ्यायचा नाही. माणूस येणार असेल तर —

थांबा.

गप्प बसा जरा.

ऐकलंत? जिन्यावर. — टक. — हां. परत. चाचपत उतरतायत, कठडा धरून. नाही, तुम्ही नका जाऊ हात द्यायला, खबरदार! येऊ देत. पायऱ्या पाठ आहेत त्यांना, आणि पायऱ्यांवर दरड कोसळत नाही. फरशीला चरे पडणार पुन्हा. पडू देत मेले.

अहो, बसलात काय असे? उठा. नाही विकायची, सांगितलं ना! जाताना फाटक ओढून घ्या आणि घरी जाऊन बायकोला विचारा तिला कुठे बसायचंय. उठा म्हणते ना — ती सीट मोकळी करा.