मुरबाडची स्पीड

आता तुमी हसाल, पण शहापुरात माझं सायबर कॅफे होतं तेव्हा सेकंदाला छपन्न हजार बिटच्या मॉडेमची मला केवढी मिजास! रिटायर झालेले भोईरमास्तर रोज येऊन बसायचे. त्यांची सगळी नोकरी तारऑफिसात, मोर्सच्या कडकट्ट यंत्रावर गेलेली.

एकदा विचारलं, "मास्तर, तुमची स्पीड किती होती?"

"मिनिटाला पंचवीस शब्द."

मी आकडेमोड करून म्हटलं, "म्हणजे सेकंदाला जेमतेम वीस बिट. आमचं हे बघा, छपन्न हजार!"

नेमकं तेव्हाच कनेक्शन लागलं ते अठ्ठावीस हजारावर. मी ओशाळून म्हटलं, "लाइन खराब असणार."

मास्तर हसतच सुटले. "आमचा साहेबबी हेच बोलला. कल्याणला तार धाडताना पंचवीस, मग मुरबाडलाच आठ कशे? लाइनमनला दोन दिवस खांब तपासत फिरवला. लाइनीत कायच नाय!"

"मग?"

"मुरबाडला तार घ्यायला एक बाई बसायची. तिला पयल्या खेपेलाच समजायचं, तरी दर तारेला 'परत पाठवा' म्हणायची."

"आणि तुम्ही पाठवायचात?"

"पाठवायचो. सावकाश."

"भेटलात कधी?"

"नाय रे. मुरबाड काय लांब हाय? पण नाय गेलो."

मॉडेमचा दिवा लुकलुकत होता. मास्तर त्याच्याकडंच बघत बसले.

मी विचारलं, "पुढं काय झालं?"

"तिची बदली झाली. दुसऱ्या दिवसापासून मुरबाडलाबी पंचवीस. साहेबानं पाठ थोपटली माझी."