दुसरं पोस्टर

हॅलो?… हॅलो, कोण?… मावशी! तू? थांब, थांब जरा, इथं मंडपात फार गलका आहे. मी मागच्या अंगणात जाते… हां, बोल. नाही, नको, तू आधी ऐक. बोआडूकाका येऊन गेले ना तुझ्याकडे?… हो, बाबांच्या घरच्यांनीच पाठवलं. रीतीप्रमाणे, दारूची बाटली देऊन.

हसतेस काय, मावशी?

…कसला कॅमेरा?

…तू काकांच्या शर्टाची बटणं तपासलीस?

अगं, त्यांचं वय काय, आणि तू… हो, रडत होते ते. अभिनय नव्हता तो. त्यांना कुठला आलाय अभिनय, लग्नातल्या फोटोत धड उभं राहता येत नाही त्यांना… हो, फुफू वाढलंस, सांगितलं त्यांनी. सूपही चांगलं होतं म्हणाले. पण बाटली तू घेतली नाहीस. ‘ही त्या टीव्हीवाल्यांना परत नेऊन द्या’ म्हणालीस. मांडीवर ठेवून आणली त्यांनी ती आक्रापर्यंत. वाटेत कुणाशी बोलले नाहीत.

मावशी, ऐक ना. आई गेली.

…नाही. मालिकेतली नाही. मालिकेतली मागच्या महिन्यात गेली. मी माझ्या आईचं सांगतेय. तुझ्या बहिणीचं. दुफिएचं. गेल्या शनिवारी, दवाखान्यात. आज तिचा आठवडा आहे, म्हणून तर मंडप घातलाय. लोक तांबडं-काळं नेसून बसलेत, आणि तू नाहीस.

…हो, पोस्टर. तुमच्या बेक्वाईच्या गाडीतळावरचं. अगं, तिथं दोन लागली. पहिलं ‘वारसदार’वाल्यांनी लावलं होतं. मालिकेचं पहिलं पर्व संपत आलं, शेवटच्या भागात आईची मादाम बिरागो मरणार, म्हणून जाहिरात. कुणा शहाण्याला सुचलं की आपण मयताची पोस्टरं लावतो तसंच लावू, गावोगाव… हो, माहीत आहे. तुला फसवलं. सगळ्यांनाच फसवलं.

पण दुसरं आपलं आहे, मावशी.

…फोटो तोच आहे, हो. तीच मोत्यांची माळ, डोक्याला तेच सोनेरी कापड. छापणाऱ्याकडे तयार होता. म्हणाला, तुमच्याकडे याहून चांगला असेल तर द्या. नव्हता गं. आईनं कधी धड फोटो काढून घेतला? रेडिओवर नाटकं करण्यात आयुष्य गेलं तिचं, तिथं चेहरा कोण विचारतो… वरची ओळही तीच, बरोबर. ‘केवढा हा धक्का’. पण नाव बघ ना! पहिल्यावर मादाम बिरागो होतं. ह्यावर अबेना दुफिए लिहिलंय, स्पष्ट… चष्मा लाव आणि जाऊन वाच.

…हो, खाली तुझंही आहे. सारपोमा, सगळ्यांत वर… न विचारता कसं म्हणजे? शोक करणाऱ्यांत थोरल्या बहिणीचं नाव पहिलं येतं, ते काय विचारायचं असतं?

…नाही, मावशी. त्याचे पैसे मिळत नाहीत.

…आठवतंय ना. मी इथंच होते. पहिलं पोस्टर बघून तू काळं नेसून पहाटेची गाडी धरलीस, दारात येऊन आडवी पडलीस, आणि ती आतून केळी तळता तळता झारा हातात घेऊन बाहेर आली… हो, हसली. खूप हसली. भिंतीला धरून हसली. नको होतं हसायला. पण रात्री तुझे पाय चेपले ना तिनं? तू नाही नाही म्हणत होतीस तरी? तू गेल्यावर मला काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, ‘बघितलंस, माझ्यासाठी अशी रडणारी एक आहे.’ दोन दिवस तेच सांगत होती सगळ्यांना.

…मी गोड बोलत नाहीये.

…मावशी, कसला आवाज येतोय मागून?… टीव्ही? चालू आहे?

तो… तो तिचाच आवाज आहे. जरा कमी कर ना.

…समोर उभी आहे म्हणजे काय, मावशी? ते जुनं आहे. कधीच करून ठेवलेलं आहे. सगळं पर्व पहिल्यापासून पुन्हा दाखवतायत… पिवळा झगा? मग हा पहिला भाग. नातू नवी गाडी पोहायच्या तलावात घालतो तो. आता ती पायऱ्या उतरून येईल, हातात तो काचेचा पेला. त्यात सोबोलो असायचं. वाइन म्हणून ते लाल सरबत प्यायची, आणि प्रसंग झाला की उरलेलं बाटलीत भरून मला आणायची… कमी कर ना गं, मला ऐकवत नाही.

…खाली पट्टी फिरतेय? वाच काय लिहिलंय. ‘मादाम बिरागो, तुम्ही सदैव आमच्या मनात’… हो. पात्राचंच नाव लिहिलंय त्यांनी. मी फोन केला होता. ती पोरगी म्हणाली, ताई, दुफिए लिहिलं तर कुणाला कळणार?

तेच तर म्हणतेय मी. कुणालाच कळत नाहीये. इथं शंभर खुर्च्या मांडल्यात, त्या भरल्यात, वर रस्त्यावर लोक उभे आहेत, आणि माझ्या आईसाठी कोण आलंय ते मला ओळखता येत नाही. शाळेच्या गणवेशातल्या पोरी आल्यात. नातवाचं काम करणारा तो मुलगा मघाशी आला, तर किंचाळ्या! मयताच्या मंडपात! तो बिचारा मान खाली घालून बसला. त्यालाच काय ते वाईट वाटतंय. आणि एका बाईनं मला जवळ घेतलं, चांगली पाठीवरून हात फिरवत होती, मला वाटलं आता हिच्याजवळ रडावं, तर कानात विचारते, ‘टेकडीवरचा बंगला शेवटी कुणाला ठेवला गं?’

…मी काय सांगणार? म्हटलं, आम्ही भाड्यानं राहतो.

…हसू नकोस. बरं, हस. खरंच आहे, ती असती तर तीही हसली असती.

…नाही. परत येणार नाही. दुसऱ्या पर्वात नाही, तिसऱ्यात नाही. तिला जुळी बहीण निघणार नाही, मावशी. कोण सांगतं तुला हे सगळं?… सलूनमधल्या बायका. बरं.

…मरण्याचा प्रसंग? पाहिला मी. टीव्हीवर नाही, तिथंच उभी राहून. घरी न्यायला गेले होते. सगळे म्हणतात काय अभिनय, तूही म्हणालीस, आठवतंय. अगं, तिच्या पोटात दुखत होतं. खरंच दुखत होतं. ‘थांबा’ म्हणाले, दिवे बंद झाले, तरी ती त्या मोठ्या पलंगावरून उठेना. लोक टाळ्या वाजवत होते आणि ती उशीत तोंड घालून पडलेली. मग उठली, विग काढून पिशवीत ठेवला, म्हणाली, ‘चल, ट्रोट्रोला गर्दी व्हायच्या आत.’ गाडीच्या खिडकीला डोकं टेकून आली घरापर्यंत. शेजारचा माणूस तिच्याकडे वळून वळून बघत होता. त्यानं तेच वाक्य म्हटलं, सगळे म्हणतात ते. ‘मी अजून उभी आहे, तोवर या घरात कुणी रडायचं नाही.’ तिच्याच आवाजात, हात कमरेवर ठेवून. ती हसली त्याच्याकडे बघून. दुखत असताना.

…मग दवाखाना, मग तपासण्या, मग आणखी तपासण्या… तुला का नाही कळवलं? तीच नको म्हणाली. म्हणाली, ‘सारपोमाला आताच एकदा रडवलंय, आता बरी होऊनच सांगू.’

…खोटं नाही गं हे. मी कशाला खोटं बोलू?… हो, पुस्तकं वाचते. पोरींना साहित्य शिकवते. म्हणून काय मला आईचं मरण रचता येतं? जिनं रचलं असतं तिनं याहून बरं रचलं असतं, मावशी. यात तर काही नव्हतंच. नर्स सलाईन बदलायला आली आणि थांबली. एवढंच.

…शपथ? घेते. कुणाची घेऊ?

…काय?

…नाही, तिला फोनवर नाही बोलावता येत.

…नाही येत, मावशी.

नाही येत.

…रागावू नकोस. तुझ्यावाचून काही हलत नाही इथं, कळतंय ना तुला? मी लेक असले तरी धाकटी. घराण्यातली थोरली तू. तुझ्या तोंडून शब्द आल्याशिवाय काका पुरायची तारीख सांगणार नाहीत. लोक बसलेत, पाद्री बसलेत, सगळे माझ्याकडे बघतायत. ती तिथं शवागारात आहे, थंडीत. तिला थंडी सहन होत नाही, तुला माहीत आहे, पंखासुद्धा लावू द्यायची नाही… तू बाटली परत पाठवलीस म्हणजे, रीतीनं बघितलं, तर ती गेलीच नाही अजून. तू म्हणालीस तरच ती गेली. मग तिला आणायचं कसं? निजवायचं कुठं?

…ठेवू नकोस! मावशी, फोन ठेवू नकोस. एक निरोप आहे. एवढा ऐक, मग ठेव.

…आईचाच. मी काकांजवळ दिला नाही, कारण मला वाटलं ती तापात बोलतेय. अर्थच लागेना. मला जवळ ओढलं आणि म्हणाली, ‘सारपोमाला सांग, तिचं अर्धं घेऊन ये म्हणावं.’

…तेवढंच. ‘तिचं अर्धं घेऊन ये.’ मी विचारलं, कशाचं अर्धं? तर डोळे मिटून घेतले. परत एकदा म्हणाली, तेच.

…मला काय माहीत, मावशी? तूच सांग. कशाचं अर्धं?

मावशी?

…आहेस ना?… हॅलो?

…हां. आहे, आहे मी. बोल.

…ट्रंक? हो, उघडली. तिला नेसवायला काही हवं होतं म्हणून… सगळ्यांत खाली? हो, होतं एक. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं… निळं. गडद निळं, पांढऱ्या पक्ष्यांचं. खूप जुनं… हो, एका बाजूला काठ नाही. दोरे लोंबतायत. मी म्हटलं उंदरांनी कुरतडलं असेल, टाकून…

…नाही! नाही टाकलं. आहे. माझ्या पलंगावर आहे.

…हातांनी फाडलेलं?… कुणी?

…तुम्ही दोघींनी? आजी गेली तेव्हा?

…हो.

…हो, ऐकतेय. म्हण… जी आधी जाईल तिच्यासाठी दुसरीनं आपलं अर्धं आणायचं. आणि शिवायचं. मग त्याच्यावर निजवायचं… कुणालाच माहीत नव्हतं? मलाही नाही, मावशी. कधी बोलली नाही ती.

…नाही गं. त्या मालिकेवाल्यांना नाही दिलं. त्यांना बंगल्यातल्या पेटाऱ्यात ठेवायला जुनी कापडं हवी होती, तिनं आपली चांगली चांगली उचलून दिली. हे दाखवलंसुद्धा नाही. मला आता कळतंय का ते.

…मावशी.

…मावशी, खाली बसलीस का? भिंतीला टेकून बस. कुणी आहे का शेजारी? हाक मार कुणाला तरी…

रड. रड गं. मी आहे इथं.

…नाही, मी नाही रडले. खुर्च्या आणायच्या होत्या, पाणी आणायचं होतं. आणि कुणासमोर रडणार? ज्याच्याजवळ जावं तो मादाम बिरागोबद्दल बोलतो.

…काका दारातून खुणा करतायत. काय सांगू त्यांना?… तू शिवल्याशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही. बरं. तारीख तू आल्यावर. बरं… बाटली? आहे, घरातच आहे. आल्यावर तुझ्या हातात देतील ते, पुन्हा पहिल्यापासून सगळं म्हणतील. मी एवढंच सांगायला लावते, की थोरली निघालीय.

…सुई इथं आहे, मावशी. दोरा तू आण, तुला हवा तसला… जा, शोध. मी धरून ठेवते फोन. सावकाश. पडशील.

…

मावशी?… सापडलं?

…मऊ आहे ना? हेही तसंच आहे. त्याला आईचा वास येतोय अजून.

…काय करतेयस? टीव्हीकडे का चाललीस?… नको. नको, बंद करू नकोस. राहू दे. मघाशी मीच म्हटलं कमी कर, पण आता राहू दे. पहिला भाग संपत आला ना? ते वाक्य त्याच्या शेवटालाच आहे. सगळी पोरं तलावापाशी रडत उभी असतात आणि ती मधे येते… हो, तेच. जरा मोठा कर. फोन जवळ धर त्याच्या.

…

आली. पावलं वाजतायत तिची.

…

‘मी अजून’—

…मावशी? काय झालं?… वीज गेली?

…नाही, फोन चालू आहे, तू ऐकू येतेस मला. नुसती तीच गेली.

…येईल वीज. थांबूया… माहीत आहे गं, तोवर ते पुढं निघून गेलेलं असेल, कुणी आपल्यासाठी थांबवून ठेवत नाही. तरी थांबूया. तू ठेवू नकोस. काही बोललं नाहीस तरी चालेल.

…

मावशी?

हॅलो?… आता फोनही गेला?… हॅलो?