ऐरावताचे मागचे पाय

नाही, हसा तुम्ही, हसा! बावीस वर्षं गाव हसतंय, त्यात तुमची भर! पण मला एक सांगा, हत्तीला पाय किती? चार. पुढचे दोन, मागचे दोन. बरोबर? मग इंद्रजात्रेला हार कुणाच्या गळ्यात पडतात? पुढच्याच्या! फोटो कुणाचा? पुढच्याचा! काठमांडूत अख्खी जात्रा 'पुलुकिसी आला, पुलुकिसी आला' म्हणून बोंबलते, इंद्राचा ऐरावत आला म्हणून बायाबापड्या हात जोडतात, ते कुणाला? सोंडेला! आणि मागे कोण? मी!

वेताचा सांगाडा, वरून ताणून बसवलेलं पांढरं कापड, आत दोन माणसं. पुढचा उभा, मागचा कमरेत वाकलेला. आणि चालायचं नाही हं, धावायचं! कारण काय, तर मालक हरवलाय. इंद्र आला होता आईसाठी पारिजातकाची फुलं चोरायला, आमच्या लोकांनी धरला आणि दोरीने बांधला... देवांच्या राजाला चोर म्हणून बांधणारं गाव हो आमचं, ते मला सोडतंय होय? तर मालकाला शोधत हत्तीने गल्लोगल्ली सैरावैरा धावायचं. धावणार बापडा. पण तुम्हाला सांगतो, बावीस वर्षांत मी जात्रा बघितलेली नाही! कुमारीदेवीचा रथ? ऐकलाय. लाखे राक्षस नाचतो म्हणे लाल तोंडाचा? घुंगरं ऐकलीत. मी बघितलं काय, तर चिरीबाबूचं ढुंगण!

चिरीबाबू म्हणजे माझा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा मोठा. किती? अकरा दिवसांनी! अकरा दिवस आधी जन्मला म्हणून तो पुढे. आणि जात्रेच्या ताटात काय असतं? पोहे, आलं, रेड्याचं मटण आणि काळे सोयाबीन. हा गडी सोयाबीन मुठीमुठीने हाणतो, वर दोन वाट्या अइला, आमची घरची दारू, रिचवतो आणि मग हत्तीत शिरतो. आता ते सोयाबीन बोलायला लागले की ऐकायला मागे कोण? मी!

आमचे आजोबा सांगायचे, गोरखाचा राजा चालून आला तो नेमका इंद्रजात्रेच्या दिवशी. सगळं गाव पिऊन तर्र, राज्य गेलं तरी कुणाला शुद्ध नाही. आजोबा मला म्हणायचे, "पुढच्या पायांना त्याच दिवशी कळलं रे हेरा, मागच्याला दुसऱ्या दिवशी सकाळी!" थट्टाच करायचे, पण खोटं काय त्यात? मागच्याला कोण सांगतो?

बरं, हे कमी म्हणून तो शिंपी! आमच्या घरासमोरचा, अष्टनारायण. दरवर्षी, न चुकता, आमच्या गल्लीत हत्ती शिरला, दगडी तोटीपाशी पाय ओले झाले, पायरी उतरलो, की माझ्या पाठीवर तडतडतडतड! खडे! कुणीतरी वरून मूठभर खडे मारतंय, आणि तेही नेम धरून मागच्यावर! पुढे एक नाही! दुसरं कोण असणार? त्याची खिडकी तिथेच, आणि नालीवरून आमचं वाजलेलं. तीन वर्षं सोसलं, मग मी बोलणंच टाकलं. एकोणीस वर्षं! लेकीच्या लग्नाला अख्खा टोल, म्हणजे आमची आळी, जेवला, शिंप्याला सुपारीसुद्धा नाही.

आणि यंदा... यंदा थकालींनी बोलावलं. थकाली म्हणजे आमच्या गुठीतले, जात्रा चालवणाऱ्या मंडळातले, सगळ्यात वडील, त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. म्हणाले, "हेराकाजी, चिरीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. गेल्या वर्षी सरळ मोटरसायकलला सोंड घातलीन त्याने. यंदा तू पुढे हो."

मी पुढे! अहो, पायच धरले म्हाताऱ्याचे. घरी बायकोला सांगितलं नाही. म्हटलं, आमच्या खिडकीखाली जायचं, मान वर करायची, सोंड उचलायची आणि बघायचं तिचं, माझ्या ज्ञानीमैयाचं, तोंड कसं होतं ते. बावीस वर्षं जात्रेच्या दिवशी ती खिडकीत कशी दिसते, हेच मला ठाऊक नाही हो!

निघालो. पुढे मी, मागे चिरी. डोळे असे टक्क उघडे. आणि काय सांगू... मला रस्ताच ओळखू येईना! जन्म गेला या गावात, पण रोज जातो तो आपला शेतावर नि घरी, खाली मान घालून. जात्रेची वाट मी वर मान करून कधी चाललोय? भूकंपात पडलं ते पडलं, त्या जागी हे काचेचे इमले, ही पाट्यांची जत्रा, लाइटिंग! कुठे वळायचं? एका चौकात डावीकडे घुसलो तो थेट मोबाइलच्या दुकानात! दुकानदार ओरडतोय, "अहो ऐरावत, इंद्र नाहीये इथे! बाहेर व्हा!" मागून चिरी बोंबलतोय, "हेऱ्या, गाढवा, मला खालचं दिसत नाही, मी दोनदा ठेचकाळलो!" मी म्हटलं, "वरचं तरी कुठे दिसत होतं तुला!"

शेवटी वैतागलो आणि डोळे मिटले. मिटले, तशी वाट सापडली! तीन खोल फरशा, मग फुटकी नाली, मग तो घसरडा उतार. मंजुश्री बोधिसत्त्वाने तलवारीने डोंगर कापला, इथलं तळं रिकामं केलं, ठीक आहे. पण तळाचे उतार तसेच ठेवले, ते सगळे माझ्या टाचांना पाठ! सुसाट धावलो बघा. लोक म्हणाले, असा हत्ती धावला नव्हता कधी.

आणि तोटीपाशी पाय ओले झाले, पायरी आली, आता डोळे उघडायचे म्हणतोय, तोच मागे तडतडतडतड! चिरी किंचाळला, "कोण मेला खडे मारतोय रे!" मला असं हसू फुटलं म्हणता, असं हसू... म्हटलं घे लेका, बावीस वर्षांचं! हसता हसता गल्ली संपली. खिडकी गेली मागे!

घरी आलो. ज्ञानीमैया दारातच. "काय हो, पिऊन धावलात का यंदा? पाय किती वेडेवाकडे पडत होते!"

"कुणाचे?"

"तुमचे! मागचे!"

"अगं, मी पुढे होतो!"

मग हळूच म्हणते, "अगंबाई... मग मी तांदूळ कुणावर टाकले?"

तांदूळ! अहो, तांदूळ! कापडावर तडतडतात ते... बावीस वर्षं! म्हणाली, "आत वाकून गुदमरत असता, तुम्हाला कुणी हात जोडत नाही. म्हटलं, आपली एक मूठ अक्षता तरी पडू दे अंगावर." आणि मी, तिच्याच खिडकीखाली, कापडाच्या आत, काय काय शिव्या दिल्यात! आता त्या शिंप्याला कुठलं तोंड दाखवू?

दुसऱ्या दिवशी थेट थकालींच्या दारात. "आजोबा, मला मागे घ्या." म्हातारा म्हणतो, "आंधळ्याला पुढे घालू होय? आता मरेपर्यंत पुढे तूच." चिरीबाबूही हटेना! त्याला कळलं ना, मागे अक्षता पडतात ते!

घरी येऊन म्हटलं, "ज्ञानीमैया, निदान पुढच्या वर्षी मूठ पुढे टाक."

तर म्हणते कशी, "पुढच्यावर सगळं गाव टाकतं हो. मागच्याला बिचाऱ्याला कोण आहे?"

आता बोला! माझीच बायको, माझीच खिडकी, माझेच तांदूळ... आणि मागे कोण? चिरीबाबू!