वीस फूट जास्त

धर्मराज : परत मोज.

आकांक्षा : आबा, तीनदा मोजलं. तिन्ही वेळा पाचशे वीस चौरस फूट.

गिरिजाबाई : टेप जराशी ढिली धर ना गं.

आकांक्षा : ढिली धरली तर आकडा वाढतो, आजी.

गिरिजाबाई : मंग ताण!

धर्मराज : ताणून काय व्हतंय? घर तेवढंच हाय.

गिरिजाबाई : तुम्ही बोलूच नका. चार वेळा आमदार झालात, चारी वेळा एकच भाषण. ‘पाचशे फुटांपर्यंतच्या घराला घरपट्टी माफ करा.’ तुम्ही बोलायला उठले की बाकीचे आमदार उठून जायचे म्हणे.

धर्मराज : च्या प्यायला जायचे. वापस यायचे.

गिरिजाबाई : आता झाली माफ, तर आपलंच घर बाहेर! उद्याच्या कार्यक्रमासाठी चौकात मांडव घालून राह्यलेत. फ्लेक्सवर छापलंय, ‘पहिलं माफीपत्र साहेबांना’. मी साडी काढून ठेवलीय.

आकांक्षा : एक सांगू? फॉर्मवर माप मालकानं स्वतः लिहायचंय. तपासायला कुणी येणार नाही.

धर्मराज : ते माझंच कलम. लोकायवर भरोसा ठेवा म्हणून मीच भांडलो व्हतो.

आकांक्षा : आतलं सगळं मिळून चारशे अठ्ठ्याऐंशी भरतं. ओटा आठ बाय चार, म्हणजे बत्तीस. नुसता ओटा सोडला तरी आपण बसतो.

गिरिजाबाई : सोड की मंग! ओट्यावर कुणी झोपतंय का सैपाक करतंय?

आकांक्षा : पण इथं लिहिलंय, ‘ओटा, व्हरांडा धरून’. ही ओळ कुणी घुसडली असेल?

गिरिजाबाई : अहो... तुम्ही भिंतीकडं का पाहून राह्यले?

धर्मराज : मीच घातली. बंगलेवाले मोठमोठे व्हरांडे सोडून माफी लाटतील म्हणून. दोन दिवस भांडलो त्या एका ओळीसाठी.

गिरिजाबाई : घ्या!

आकांक्षा : आबा, आकडा पाचशेच का पण?

धर्मराज : पहिल्या निवडणुकीला आपलं घर मोजलं. ओटा धरून बराबर पाचशे. म्हटलं, साध्या माणसाचं घर एवढंच असतंय.

आकांक्षा : एकाच घरावरून? आमच्या सरांनी नापास केलं असतं तुम्हाला.

धर्मराज : लोकायनी पास केलं.

आकांक्षा : मग वीस फूट वाढले कुठून?

गिरिजाबाई : ओटा तीनच फूट लांब व्हता आधी. घरपट्टीच्या नोटिसा घेऊन माणसं यायला लागली. ओट्यावर जागा पुरंना. गल्लीतली झुंबरबाई तर उन्हात चक्कर येऊन पडली. तवा ह्यांनी पाच फूट वाढवला.

आकांक्षा : पाच चोक वीस. बरोबर तेवढेच.

धर्मराज : वाढवला, अन् साफ इसरलो.

गिरिजाबाई : सोपं हाय मंग. बद्रीनाथ गवंड्याला बोलवा. दुपारपर्यंत पाच फूट फोडून टाकंल.

धर्मराज : अन् उरलेल्या तीन फुटात कोण बसंल?

गिरिजाबाई : आता कोण येतंय बसायला? नोटिसाच बंद झाल्या.

धर्मराज : ...झुंबरबाई येती की. रोज च्याला.

गिरिजाबाई : ती येती खरी. बिस्किटाचा पुडा संपवून जाती.

धर्मराज : आकांक्षा, तिचं घर किती भरलं?

आकांक्षा : दोनशे दहा. तिचा फॉर्म कालच भरला मी.

धर्मराज : कार्यक्रमवाल्या भिवाला फोन लाव. म्हणावं, पहिलं माफीपत्र झुंबरबाईला द्या. अन् माझ्या फॉर्मवर पाचशे वीस लिही. पेन दे, सही करतो.

गिरिजाबाई : अन् फ्लेक्सवरचा तुमचा फोटू?

धर्मराज : राहू दे की. तिला हार घालायला मी हायच. तू बी ती साडी नेस.

गिरिजाबाई : नेसतेच. पण घरपट्टी भरून या आधी. लवकर निघा, न्हाईतर खिडकीवर रांग लागंल.

धर्मराज : रांग कशाची गं? गल्लीत भरणारा आता मी एकटाच.