पाऊस उघडला

तुम्हाला हसू येईल, पण हिंदी मुलखातल्या अलीगंजच्या आमच्या टोळीत पावसावर बंदी होती. व्हिडिओ गेममधल्या. पाऊस पाडला की पाण्यातले राक्षस दुप्पट वेगाने लढायचे आणि सामना तिथेच संपायचा. "बारिश खोल दो," म्हणजे बंदी उठवा, असं अंकित महिनाभर म्हणत होता. मत घेतलं तर दोन-दोन. मी विरोधात. पाचवं मत माझ्या भावाचं, तो घरी. स्पीकरवर फोन लावला, तर आईने उचलला.

"आई, दादाला विचार, पाऊस उघडायचा का?"

"मघाशीच उघडला की. ये आता घरी."

अंकित म्हणाला, "सुना? खुल गया."

मी मराठी समजावेपर्यंत त्याने पाऊस पाडून मला हरवलंही.

घरी आई म्हणाली, "पाऊस उघडला होता ना, मग भिजून आल्यासारखा का दिसतोस?"